आता हजेरी आम्ही घेऊ

हिवाळी अधिवेशनाला अजून अवधी आहे, म्हणून आजच सांगून ठेवतो. आधी कळवलं नाही, असं नंतर कोणी म्हणायला नको.

हा इशारा चौघांना आहे. राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या प्रशासनाला, अनुदानित महाविद्यालयांच्या संस्थाचालकांना, आणि स्वतःचा तास दुसऱ्याच्या गळ्यात घालून स्टाफरूममध्ये पेपर वाचत बसणाऱ्या आमच्याच काही पूर्णवेळ बंधूंना. इशारा देणारे आम्ही म्हणजे निवृत्त प्राध्यापक, तासिका तत्त्वावर राबणारी नेट-सेट झालेली पोरंपोरी, काही पालक आणि पदवीचे विद्यार्थी. आमच्याकडे लेटरहेड नाही, शिक्का नाही, अध्यक्षपदावरून भांडण व्हावं असं पदही नाही. आकडे तेवढे आहेत.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा 2021-22 चा अहवाल उघडा. विद्यार्थी 4 कोटी 33 लाख, शिक्षक 15 लाख 98 हजार. भागाकार चौथीतल्या पोरालाही येईल: एका शिक्षकामागे 27. दूरशिक्षणाची मुलं वगळली तर आकडा थोडा उतरतो, पण मान खाली घालायला लावेल इतका उरतोच. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेची सरासरी 15 च्या आसपास आहे. जर्मनी 12 च्या जवळ. स्वीडन, नॉर्वे 10 च्या घरात. हे देश छोटे, श्रीमंत, त्यांची आपली बरोबरी कशाला, असं म्हणाल हे ठाऊक आहे. म्हणून चीनचं सांगतो. तिथे साधारण 18.

चीनचा आकडा लहान आहे एवढ्यासाठी तो सांगत नाही. तिथे त्या आकड्याला दात आहेत. त्यांच्या शिक्षण मंत्रालयाने 2004 मध्ये महाविद्यालय चालवण्याच्या किमान अटी ठरवल्या. सर्वसाधारण विद्यापीठात एका शिक्षकामागे 18 विद्यार्थ्यांपर्यंत संस्था पात्र. 22 च्या वर गेली की पिवळं कार्ड, म्हणजे त्या वर्षी जितके उत्तीर्ण होऊन बाहेर पडतील त्याहून जास्त नवे घ्यायचे नाहीत. अशा दोन अटी मोडल्या तर लाल कार्ड, प्रवेशच बंद. चीनमधल्या बाकीच्या गोष्टींचं कौतुक करायला आम्ही बसलेलो नाही. पण मास्तर कमी पडले तर संस्थेला काहीतरी सोसावं लागतं, एवढी साधी गोष्ट त्यांना कळली.

आपल्याकडे नियम नाहीत असं समजू नका. नियमांचं तर कपाट भरलंय. एनआयआरएफच्या क्रमवारीत विद्यापीठाला 15 ला 1 शिक्षक असेल तर या बाबीचे पूर्ण गुण मिळतात, 50 च्या पुढे गेलं की शून्य. शून्य मिळालं तर काय होतं? क्रमवारीत खाली जाता, दोन दिवस वर्तमानपत्रात छापून येतं, तिसऱ्या दिवशी नवा अभ्यासक्रम सुरू करायची परवानगी मागता आणि ती मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये स्वच्छ लिहिलंय की शिकवण्याचा भार अति नसावा आणि विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर फार जास्त नसावं. 'फार' म्हणजे किती, ते मात्र लिहिलेलं नाही. मायबाप सरकारचा कोणताही 'फार' असाच असतो.

आता जरा थांबून हिशेब समजून घ्या, कारण फसवणूक इथे आहे.

सत्तावीस ऐकल्यावर पालक म्हणतात, मग बरंच आहे की, आमच्या शाळेत साठ होते! गुणोत्तर वेगळं आणि वर्गातली पटसंख्या वेगळी. एक सहायक प्राध्यापक धरा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमाप्रमाणे त्याने आठवड्याला 16 तास शिकवायचं. त्याच्याकडे चार वर्ग, प्रत्येकाला चार तास, प्रत्येक वर्गात 120 मुलं. झाली 480 नावं. प्रत्येकाने एक चाचणी दिली आणि तपासायला दहा मिनिटं लागली, तर 80 तास. आयोगाचा आठवडा 40 तासांचा. म्हणजे दोन आठवडे त्याने दुसरं काहीच न करता लाल पेन चालवायचं. तो तपासत नाही, चाळतो. पोरालाही कळतं की चाळलंय, मग तेही तसंच लिहितं.

ही 480 मुलं आणखी चार विषयांच्या चार मास्तरांकडे जातात. म्हणजे 480 ला पाचाने भागायचं. 96. अशा महाविद्यालयाचं खरं गुणोत्तर 96 निघतं, आणि देशाच्या 27 मध्ये ते बुडून जातं, कारण त्याच बेरजेत आयआयटी आणि एम्सही बसलेल्या असतात.

दुसरी लबाडी याहून खोल आहे. ओईसीडी शिक्षक मोजते तेव्हा पूर्णवेळाच्या मापात मोजते. अर्धवेळ शिक्षक असेल तर तो अर्धा धरायचा. आपल्याकडे डोकी मोजायची सवय. समजा एका विभागात तीन मंजूर पदं आहेत, तिन्ही भरलेली, आणि विद्यार्थी 300. गुणोत्तर 100. आता दोघे निवृत्त झाले. त्यांचा कार्यभार तासिका तत्त्वावर वाटला, एका पदाला दोन सीएचबी (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासिकेवरचे शिक्षक) याप्रमाणे चौघे आले. उरलेला एक आणि हे चार मिळून पाच डोकी. गुणोत्तर 60! पदं रिकामी ठेवली तर विभागाची प्रगती झालेली दिसते. असा चमत्कार आमच्या नागपूरच्या संत ताजुद्दीन बाबांनाही सुचला नसता. जिथे जिथे डोकी मोजून तक्ते भरले जातात, तिथे तिथे हा चमत्कार रोज होतो, आणि त्याखाली प्राचार्यांची सही असते.

आयोगाच्या 2018 च्या नियमांत असंही आहे की कंत्राटी नेमणूक अगदी नाइलाज असेल तेव्हाच करायची, आणि तीही एकूण पदांच्या 10 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायची नाही. नागपुरातल्या कोणत्याही अनुदानित महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये जाऊन बसा आणि स्वतः मोजा. जानेवारी 2025 मध्ये आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यातून ही मर्यादाच गाळली. ताप उतरत नसेल तर थर्मामीटर फोडावा, तसं.

सीएचबीवाल्याचं जगणं काय असतं ते मंत्रालयात बसून कळत नाही. मी या शहरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात तीस वर्षं इतिहास शिकवला. नाव लिहीत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. मी निवृत्त झालो तेव्हा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, आणि माझी खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे. माझे तास दोन पोरांत वाटले. त्यातला एक पीएच.डी. आहे, माझाच विद्यार्थी. सकाळी सीताबर्डी, दुपारी कामठी, संध्याकाळी नंदनवनात स्पर्धा परीक्षेची शिकवणी. तपासायचे पेपर, हजेरीपट, खडूचा डबा, सगळं स्कूटरच्या डिक्कीत. त्याला भेटायचं असेल तर मुलं पार्किंगमध्ये थांबतात. गडचिरोलीकडून आलेली एक मुलगी त्याला विचारत होती, सर, एम.ए.ला कुठे जाऊ? हेल्मेट हातात घेऊन त्याने तिला दहा मिनिटं दिली आणि कामठीचा तास बुडवला. त्या तासाचे पैसे कापले गेले. ज्या दहा मिनिटांसाठी स्वीडनमध्ये खोली, टेबल आणि वेळापत्रकात जागा असते, ती आपल्याकडे मास्तराच्या खिशातून जातात.

पैशांचंही सांगतो. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये, वर भत्ते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये अतिथी व्याख्यात्याला तासाला 1500 आणि महिन्याला 50 हजारांपर्यंत द्यावं असं सांगितलं. आपल्या राज्यात तासाला हजार रुपये धरले, आठवड्याचे नऊ तास धरले, तर महिन्याचे 36 हजार. पण दिवाळी आली, परीक्षा आल्या, उन्हाळा आला की तास नाही आणि तास नाही तर पैसा नाही. जे मिळतात तेही दरमहा येत नाहीत. सहसंचालक कार्यालयात देयकं साचतात आणि काही महिन्यांनी एकदम सुटतात. किराणा दुकानदाराला हे तासिका तत्त्व समजावून सांगता येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या सरकारी तंत्र महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना किमान वेतनश्रेणी द्यायला लावली. तो निकाल नागपूर खंडपीठाच्या वकिलांनीही वाचलेला आहे, याची नोंद घ्यावी.

आता सरकारला त्याचाच हिशेब परत करतो. 2017 मध्ये प्राध्यापक भरती थांबवली. तेव्हा अनुदानित महाविद्यालयांत 8949 पदं रिकामी होती. 2018 च्या सप्टेंबरात प्राध्यापक बेमुदत संपावर गेले, तेव्हा कुठे नोव्हेंबरात त्यातली 40 टक्के म्हणजे 3580 पदं भरायला मान्यता मिळाली. 1492 भरून होतात न होतात तोच कोविड आला आणि भरती पुन्हा गोठली. उरलेल्या 2088 ला परवानगी मिळायला 2021 चा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे 2017 च्या भुकेला, तीही चाळीस टक्के, चार वर्षांनी ताट. मधल्या काळात जे निवृत्त झाले ते या हिशेबात नाहीतच. त्यानंतरही घोषणा झाल्या. घोषणेपासून मास्तर वर्गात उभा राहीपर्यंतचा रस्ता आम्हाला पाठ आहे: वित्त विभाग, शासन निर्णय, बिंदुनामावलीची तपासणी, सहसंचालकांचं ना हरकत प्रमाणपत्र, जाहिरात, निवड समिती, विद्यापीठाची मान्यता, मग वेतननिश्चिती. या प्रत्येक टेबलावर फाइल झोपते. आणि संस्थाचालकहो, निवड समितीच्या टप्प्यावर ती का झोपते, एका जागेचा 'रेट' काय चाललाय, हे महाराजबागेसमोरच्या चहावाल्यालाही माहीत आहे. तुम्हाला तेवढं माहीत नाही, असं आम्ही धरून चालू.

एकाच शहरात दोन न्याय कसे, तेही पाहा. अंबाझरीच्या एका अंगाला व्हीएनआयटी. एनआयटींसाठी 12 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे माप धरलेलं. दुसऱ्या अंगाला अमरावती रोडवर विद्यापीठाचा परिसर, जिथे कित्येक विभाग एका-दोघांच्या खांद्यावर चाललेत. मेडिकलमध्ये जा. 1947 पासूनचं जुनं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे अध्यापक कमी पडले की राष्ट्रीय वैद्यक आयोगाची नोटीस येते, बायोमेट्रिक हजेरी तपासली जाते, जागा जायची भीती असते. मग सरकार पळापळ करतं, इकडचे डॉक्टर तपासणीपुरते तिकडे पाठवतं. ती पळापळ लबाडीची असेल, पण भीती खरी असते. इतिहासाचा, मराठीचा, वनस्पतिशास्त्राचा मास्तर नसला तर कोणाची जागा जाते? कोणाचीच नाही. जातं ते पोराचं वर्ष, आणि त्याची नोटीस कोणी काढत नाही.

4 ऑगस्ट 1923 ला हे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा सहा महाविद्यालयं आणि 927 विद्यार्थी होते. सर बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. 2023 मध्ये शताब्दी झाली, त्याच जानेवारीत इंडियन सायन्स काँग्रेस इथे भरली, परिसर रंगवला, रस्ते केले. उत्सवाला आमची ना नाही. पण शंभर वर्षांची वास्तू उजळताना आत शिकवायला कोण उरलंय, हे एकाही भाषणात आलं नाही. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात शिक्षणसंस्थांतले प्रवेश आणि सरकारी नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचं आश्वासन होतं. प्रवेश दिलेत. शिकवायला माणूस देणंही त्यात येतं, असं आमच्या वडिलांच्या पिढीने गृहीत धरलं होतं. त्यांचं चुकलं, लिहून घ्यायला हवं होतं. आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही चार वर्षांची पदवी, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, इंटर्नशिप आलं. विषय वाढले, मास्तर तेवढेच, किंबहुना एक कमीच, कारण मेमध्ये आणखी कोणीतरी निवृत्त झालं.

आता मागण्या. नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही.

हे छापून आल्यापासून 30 दिवसांच्या आत विद्यापीठाच्या प्रत्येक विभागाने आणि प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाने फाटकावर फलक लावावा: विषयवार मंजूर पदं किती, पूर्णवेळ भरलेली किती, तासिकेवर किती, विद्यार्थी किती. गुणोत्तर काढताना अर्धवेळ माणूस अर्धाच धरायचा. फलक मराठीत हवा आणि रस्त्यावरून वाचता यायला हवा. तीस दिवस का? माहिती अधिकार कायद्यात तेवढेच आहेत म्हणून.

हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात उच्च शिक्षण मंत्र्यांनी सभागृहात भरतीचं वेळापत्रक ठेवावं. त्यात प्रत्येक टेबलाची तारीख हवी. 'लवकरच' हा शब्द आलेला चालणार नाही. सर्व मुलाखतींचं चित्रीकरण व्हावं. तासिकेचं मानधन दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत खात्यात जमा व्हावं.

आणि गुणोत्तराला दात द्यावेत. ज्या महाविद्यालयात पूर्णवेळ शिक्षकांचं प्रमाण ठरलेल्या मापाच्या खाली आहे, त्याला नवी तुकडी किंवा नवा अभ्यासक्रम देऊ नये. इथे एक स्पष्ट करतो, कारण या मुद्द्याचा उलटा वापर होईल. आहेत त्या जागा एकाही मुलाच्या कमी करायच्या नाहीत. मास्तर नाहीत म्हणून भंडारा-गोंदियाच्या पोरांना दारातून परत पाठवून कोणी गुणोत्तर सुंदर करू पाहील, तर त्याच्या दारात आम्ही आधी बसू. चीनचं पिवळं कार्ड संस्थेच्या हावेला लावायचं आहे.

पूर्णवेळ बंधूंनो, तुम्हालाही विसरलो नाही. सीएचबीवाल्याकडून आपले पेपर तपासून घेणं, आपला तास त्याला देऊन आपण पदोन्नतीच्या फाइलसाठी शोधनिबंध जमवत बसणं, हे बंद करा. नुटा या प्राध्यापकांच्या संघटनेने या विदर्भात वर्षानुवर्षं शिक्षकांच्या हक्कांसाठी लढा दिला, त्यातून आलेल्या पगारावर तुम्ही उभे आहात. तुमच्या शेजारच्या खुर्चीतल्या पोराकडे तो हक्क अजून पोहोचलेला नाही.

हे झालं नाही तर काय होईल, तेही सांगतो. एकतिसाव्या दिवशी सकाळी माहिती अधिकाराचे अर्ज पडतील, महाविद्यालयवार, विषयवार, एकेका विषयाला एक अर्ज. लिहायला हात भरपूर आहेत. तुम्हीच त्यांना आठवड्याला नऊ तासांचं काम दिलंय, उरलेला वेळ त्यांच्याकडे आहे. उत्तरं आली की ती घेऊन नागपूर खंडपीठात जनहित याचिका. नॅक या मूल्यांकन संस्थेला पाठवायच्या अहवालात पूर्णवेळ शिक्षकांचा खोटा आकडा भरला जात असेल, तर आमच्यातले जे आत नोकरीवर आहेत ते त्या कागदावर सही करणार नाहीत, आणि खरा आकडा नॅकच्या पत्त्यावर स्वतंत्रपणे जाईल. येत्या जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक पालकाच्या हातात एक चिठ्ठी पडेल: या महाविद्यालयात तुमच्या मुलाला कोणत्या विषयाला मास्तर नाही. इमारतीचा फोटो, प्लेसमेंटची जाहिरात, सगळं त्या चिठ्ठीपुढे फिकं पडेल. कारण आपल्याकडचा पालक फार काही विचारत नाही, पण शिकवतं कोण, एवढं विचारायला एकदा शिकला की मग थांबत नाही.

आणि अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी आम्ही येतोय. सकाळी अकराला यशवंत स्टेडियमवर जमायचं. विद्यार्थ्यांनी युनिफॉर्म असेल तर युनिफॉर्ममध्ये, सीएचबीवाल्यांनी डिक्कीतलं डिपार्टमेंट सोबत घेऊन. घोषणा नाहीत, पुतळे जाळणं नाही. पोलिस नेहमीप्रमाणे मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवतील. अडवू द्या, आम्हाला त्याच्या पुढे जायचंच नाही. सव्वाशे वर्षांहून जुनं कॉलेज पाठीशी असलेली ती जागा या कामाला बरी आहे. तिथे एक मुलगी हजेरीपट उघडेल आणि रिकाम्या पदांची हजेरी घेईल. महाविद्यालय, विषय, पद, कधीपासून रिकामं. प्रत्येक नावानंतर उत्तर येण्याइतका वेळ ती थांबेल. आता जमलेल्या माहितीवरून ही हजेरी दीड दिवस चालेल; तंबू लागेल, त्याची परवानगी पोलिस आयुक्तांकडे रीतसर मागितली जाईल.

ज्या विभागाचं पद त्याआधी भरलं गेलं, त्यांनी कळवावं. त्या ओळीवर आम्ही स्वतः 'हजर' लिहू.